दोन चुली

२७ सप्टेंबर १९७७, मंगळवार

पोचलो. फाट्यावर उतरून चालत आलो तर वाटेत जो भेटला त्यानं विचारलं, कवा आलास आणि कवा जाणार. माणूस अजून घरात शिरला नाही तोवर जायचं विचारायची आमच्या गावची रीतच आहे. मी सगळ्यांना एकच सांगितलं, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी. मदुरेला मी ज्यांच्या सोनं आटवायच्या दुकानात आहे त्या बाळासो शेठनं तेवढीच सुट्टी दिली आहे. दिवाळीच्या तोंडावर मदुरेला सोनारांचं काम लय असतं, आणि यंदा भट्टी माझ्या हाती द्यायची असं शेठ सगळ्यांदेखत बोलले आहेत. आजवर नुसता भाता मारला आणि सोन्याच्या कणांसाठी सोनारांच्या दुकानातला केर धुतला. आता सोनं आटवायला मी बसणार. वेळेत नाही गेलो तर शेठचा भाचा टपून बसलेलाच आहे.

ही डायरी दुकानातली, वर तमिळ छापलेलं. तिकडं रात्रंदिवस दुसऱ्याची भाषा, म्हणून आपल्या भाषेत चार ओळी लिहायची सवय लागली. शाळा चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. पण दाखवायचं आहे कुणाला.

मिरजेला रेल्वेतून उतरून आधी इस्लामपूरला कोंडीबादादाकडं गेलो होतो. त्याला साखर कारखान्यात कायम केलं, खोली पण मिळाली. मी म्हटलं, मग वैनीला आणायची. तो म्हणाला, आणीन की, पण आईला मोतीबिंदू, तिला भाकरी कोण घालणार. वैनी धुराचं सांगून सारखी मागं लागते, डोळं गेलं म्हणते, मला घेऊन चला म्हणते. "तू आता जातोयस तर सैपाकाच्या खोलीचं काय तरी कर. थंडी पडायच्या आत जरा ऊबदार, उजेडाची करून दे. म्हंजी ती रमंल तितं. न्हाईतर तिला मी हिकडं आणली तर तुला लगीन करून घरी बसावं लागंल बघ." असं म्हणून हसला.

मी हसलो नाही. मी तिथंच ठरवलं, खोली अशी करायची की वैनी जायचं नाव काढणार नाही.

२९ सप्टेंबर

दोन दिवस नुसता बघतोय. आमची सैपाकाची खोली म्हणजे बीळ आहे. खिडकी नाही. धाब्याला धूर जायला एक साणं आहे, त्यावर पावसाळ्यात फरशी टाकलेली, ती कुणी काढलेलीच नाही. भिंती इतक्या काळ्या की हात लावला तर बुक्क्यात बुडवल्यागत बोट काळं होतं. वैनी पहाटे आत जाते ती उन्हं वर आल्यावर बाहेर येते, डोळे लाल करून. आई उंबऱ्यावर बसून तिला विचारत राहते, दूध झाकलंस का, मीठ झाकलंस का. आईला दिसत नाही, म्हणून विचारते. वैनी दर खेपेला व्हय म्हणते.

गावात वेळ जात नाही. पारावर बसलो तर सगळे माझ्या लग्नाचं काढतात. उठून ओढ्याकडं गेलो आणि पांढरी माती कुठं चांगली आहे ती बघून आलो.

२ ऑक्टोबर, रविवार

पूर्वेच्या भिंतीला पहारीनं भोक पाडलं. आई दिवसभर बडबडत होती, मांजर येईल, चोर येईल, पितरपाटात भिताडं कोण फोडतं का. मी म्हटलं, जुन्या गोठ्याची चौकट बसवतो, गज घालतो, मांजर आलं तर अंग चोळून दमंल. साण्यावरची फरशी पण काढली. उजेड आत पडला तशी वैनी परात घेऊन उभी राहिली ती राहिलीच. भिंतीवर, बसल्यावर तिचं डोकं येतं त्या उंचीला, एक चकचकीत डाग होता. भाकरी थापून दमली की ती तिथं डोकं टेकते. काळ्यात ते कधी दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, आता बघा वैनी, राज्य आहे तुमचं. ती म्हणाली, "राज्यच म्हणायचं."

खूश झाली असणार. तिला बोलायची सवय कमी.

शेजारची बनुकाकी ताक मागायला आली आणि खिडकी बघून म्हणाली, उजेड केलासा, आता पाळणा बांधायला आढं तेवढं मजबूत करा. वैनीनं ताक दिलं आणि आत गेली. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली. दादा सणाला येतो, दोन दिवस राहतो, परत जातो. मी पण तसाच येतो-जातो. त्यात काय एवढं.

५ ऑक्टोबर

चूल मांडायला घेतली. जुनी चूल आडाच्या तोंडासारखी झाली आहे, निम्मा जाळ बाहेरच. आमच्या भट्टीला वारा खालून कसा घ्यायचा, तोंड किती ठेवायचं, हे आता माझ्या हातात बसलंय. तसंच हिला केलं. पांढरी माती, घोड्याची लीद, भुसा, राख. मागं भानवस रुंद ठेवली, म्हणजे दुधाचं भांडं, मिठाचं मडकं ऊबेला राहील. कडेला वैल काढला, त्यावर कालवण आपोआप गरम. नवी चूल खिडकीखाली, जुनी आतल्या कोपऱ्यात.

जुनी लगेच मोडणार होतो, तर आई काठी टेकत आली. पितरपाटात चूल मोडायची नाही. पितरांचा भात त्याच चुलीवर शिजतो, अवसेला ते येणार आणि चूल नाही बघून उपाशी जाणार. बरं म्हटलं, अवस झाली की मोडू.

वैनी माती तुडवायला आली. मला वाटलं नको म्हणावं, पण तिनं आधीच लुगडं खोचलं होतं. काम करता करता म्हणाली, भावजी, लय निगुतीनं कराय लागलाय. मी म्हटलं, मग. ती म्हणाली, "किती वर्सं टिकंल?"

मी छाती काढून सांगितलं, तुमचा जलम जाईल पण हिला चीर जायची नाही.

तिनं पाय धुतले, घागर घेतली आणि पाण्याला गेली. रांजण भरलेला होता तरी गेली.

९ ऑक्टोबर, रविवार

चार दिवस पाठ मोडली पण खोली ओळखू येत नाही. भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या, खाली कावेचा पट्टा. दिवा ठेवायला नवीन कोनाडा. उतरंड एका ओळीत. सरपण भिंतीला लावून रचलं, बाभळीचं वेगळं, तुरकाट्या वेगळ्या. कांद्याची माळ टांगली. नव्या चुलीच्या उजव्या अंगाला आईची जागा केली, खाली पोतं, वर घोंगडं दुहेरी. थंडीत तिला सोप्यात कुडकुडत बसायला नको. आईनं सगळ्याला हात लावून बघितला. भानवशीवरून हात फिरवला, वैलात घातला. मग घोंगड्यावर बसली आणि म्हणाली, माझ्या वक्ताला कुणी केलं न्हाई असलं. तिचे डोळे कशानं गेले हे मला आज एकदम कळलं. तिचाही जलम त्या बिळातच गेला.

गावातल्या बायका बघायला येऊन जातात. जी ती वैनीला म्हणते, नशीब काढलंस. वैनी त्यांना खिडकी उघडून दाखवते, झाकून दाखवते.

मला एकदा विचारलं, इस्लामपूरच्या खोलीला खिडकी हाय का. मी खरं सांगितलं. खिडकी नाही, वर एक जाळी आहे आणि शेजारी मळीचा वास. हिच्याम्होरं ती खोली म्हणजे खुराडं. ती म्हणाली, असू दे. का म्हणाली कुणास ठाऊक.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

घोटाळा झाला. काल अवसेला पितरांचा सैपाक जुन्या चुलीवर झाला. दिवेलागणीनंतर चूल मोडू नये म्हणून आईनं थांबवलं. आज सकाळी मोडायची म्हणून मी टिकाव आणायला मळ्यात गेलो. परत येतो तर आईनं घट बसवले होते. घट बसले की दसऱ्यापर्यंत घरातली माती उकरायची नाही. म्हणजे नऊ दिवस दोन्ही चुली राहणार. आई म्हणाली, राहू दे, नवीवर पाटी पालथी घाल.

पाटी घालायच्या आत बनुकाकी आली, घटाला पत्री घेऊन. एक चूल पेटलेली, दुसरीला वैनीनं चुन्याची बोटं ओढलेली. काकी दारातच थांबली. आईला म्हणाली, "हरणाबाई, वाटणी झाली म्हणा की. सांगितलंबी न्हाई."

आमच्याकडं एका घरात दोन चुली म्हणजे दोन संसार. मी इतकी वर्षं बाहेर, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मदुरेला एका खोलीत चार भट्ट्या असतात, कुणी वाटणी म्हणत नाही. आई लाल झाली. माझ्या जित्तेपणी दोन चुली कोण मांडंल, त्याचं हात मोडतील, म्हणाली. हात माझेच होते. मी हसण्यावारी न्यायला बघितलं. काकीनं वैनीला विचारलं, काय गं अंजना, खरं काय. वैनीनं एक शब्द बोलायचा होता. ती जाळ फुंकत राहिली. चूल चांगली पेटलेली होती.

१५ ऑक्टोबर

आज वैनीनं नवी चूल पेटवली. आईचे नऊ दिवसांचे उपास. आईची भगर जुन्या चुलीवर शिजत होती, आणि वैनीनं स्वतःची भाकरी नव्या चुलीवर टाकली. मला वाटलं, उपासाच्या चुलीवर भाकरी नको म्हणून केलं असंल. चूल काय पेटली. धूर सरळ साण्यातनं वर गेला, खोलीत नावाला नाही. मला लय बरं वाटलं आणि मी तिथंच बसून दोन भाकरी खाल्ल्या.

संध्याकाळी आई मला म्हणाली, तू कुणाच्या चुलीचं खाल्लंस. मी म्हटलं, आई, भाकरी ती भाकरी. ती म्हणाली, मला दिसत न्हाई, पर कळतंय.

१७ ऑक्टोबर, सोमवार

आई वैनीच्या हातचं पाणी घेत नाही. वैनी जुन्या चुलीवर भगर करून ठेवते, आई मला वाढायला सांगते. घटाला पाणी पण मीच घालतो. दोघी त्या पांढऱ्या खोलीत असतात, एक घोंगड्यावर, एक चुलीम्होरं, आणि बोलणं माझ्यामार्फत. आतनं बाहेर जावं तर पारावर तेच. हरणाबाईच्या पोरांनी वाटणी केली, धाकट्यानं मदुरेचा पैसा लावून भावजयीला चूल मांडून दिली, असं काहीबाही. एकानं तर डोळा घातला. त्याला धरून मारायचा होता, पण मग खरंच झालं म्हणतील.

वैनीला मी सरळ म्हटलं, तुमी सांगा की काकीला, वाटणी न्हाई म्हणून. ती म्हणाली, "भावजी, मी काय बोलले हाय का?"

तेच की. बोलली नाही.

ही गोष्ट एष्टीतनं इस्लामपूरला गेली असणार. आता एकच करायचं, शुक्रवारी दसरा, चूल मोडायची आणि शनिवारी सकाळी गाडी धरायची. पिशवी भरून ठेवली आहे. गावात राहिलो तर ह्या भिंती माझ्यावर पडतील असं वाटतं, आणि त्या मीच सारवल्यात.

१९ ऑक्टोबर, बुधवार

दादा आला. पायातलं पण काढलं नाही, तसाच आत. आईनं रडून सगळं सांगितलं. मी म्हटलं, अरे वाटणी कसली, अवस आडवी आली आणि मग घट बसले, म्हणून जुनी मोडायची राहिली, एवढंच. दादाला पटलं. त्याचा राग एकदम उतरला. मग त्यानं खोली बघितली. खिडकी उघडझाप केली, भानवशीवर थाप मारली, माझ्या पाठीवर मारली. मला वाटलं, सुटलो.

वैनीकडं वळून म्हणाला, "आता काय कमी हाय हितं? आमदाराच्या घरात अशी चूल नसंल."

वैनी म्हणाली, "काय कमी न्हाई. भावजींनी कमी काय ठेवलंच न्हाई. धूर एवढंच एक कारण हुतं माझ्याकडं सांगायला, तेबी गेलं."

दादा म्हणाला, "तू धुराचंच सांगत हुतीस की."

"दुसरं काय हाय ते सासूम्होरं, दिराम्होरं कसं सांगू? सणाला दोन दिवस येता. बायका मला पाळण्याचं इचारत्यात, तुमाला कोण इचारतंय?"

आईनं मान खाली घातली. माझ्या हातात तुरकाटी होती, मी तिचे तुकडे करत होतो.

दादानं पायातलं काढून दाराबाहेर ठेवलं. मग त्याला काय सुचलं, तो माझ्याकडं वळला. त्याला मोठेपणानं मिटवायचं होतं. म्हणाला, ज्यानं चूल मांडली त्यानं सांगू दे. "आक्या, कुणाची म्हणून मांडलीस?"

घराची, असं म्हणायचं होतं. आईसाठी म्हटलं असतं तरी चाललं असतं. शुक्रवारी जुनी मोडली असती, वैनी हितं राहिली असती, मी शनिवारी गाडीत. आणि चूल वैनीची म्हटलं तर काय होतं हे शेंबडं पोर पण सांगंल. चूल वेगळी झाली की बाई नवऱ्याच्या मागं जाते आणि आई धाकट्याच्या वाट्याला येते. सगळं मला दिसत होतं. वैनी माझ्याकडं बघत नव्हती. ती खाली बघत होती, काय येईल ते घ्यायला बसल्यागत.

मी म्हटलं, "वैनीची."

आई म्हणाली, "म्हंजी वाटणी."

मी म्हटलं, "व्हय."

तोंडातनं कसं गेलं मला अजून कळत नाही. दादानं मला बाहेर नेऊन विचारलं, शुद्धीवर हायस का, मदुरेचं काय. मी म्हटलं, बघू. बघायचं काय त्यात.

२१ ऑक्टोबर, दसरा

दुपारच्या एष्टीनं दोघं गेले. आईनं चाचपडत वैनीची ओटी भरली. म्हणाली, लवकर बातमी कळव. वैनी आईच्या पाया पडली, आईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. मला आपट्याचं पान देताना वैनी म्हणाली, भावजी, तुमचं लय वाईट झालं. मी म्हटलं, छे, दिवाळीनंतर जातोय की. ती काय ते समजली.

फाट्यापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन गेलो. एष्टी सुटली तेव्हा ती खिडकीतनं पुढं बघत होती, मागं नाही.

आकाराम मी, आणि गावात दुसरा एक आकाराम आहे, केरबा तात्याचा, तो पण मदुरेलाच असतो. तो उद्या निघणार. त्याच्याजवळ शेठला निरोप दिला की आई आजारी आहे. तो म्हणाला, भाचा बसंल रं भट्टीवर. मी म्हटलं, बसू दे.

२३ ऑक्टोबर, रविवार

जुनी चूल मोडली. माती परड्यात टाकली. आत इतकी राख निघाली, आजीच्या वेळेपासूनची असंल.

भाकरी मीच करतो. मदुरेला करतच होतो, पण तिकडं पोरं हसत खेळत करायची, इथं आई एकटी ऐकत बसते. जाड झाली म्हणते, आणि खाते. रात्री थंडी वाजू लागली आहे. खोली मात्र ऊबदार राहते.

२७ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली. आज सकाळपासून आई मला अंगावरचा सदरा बदल म्हणत होती. का ते सांगेना. दुपारी आटपाडीकडनं दोन पाहुणे आले, लालासाहेब आणि त्यांचे मेहुणे. आई काठी न घेता भिंतीच्या आधारानं उठून पुढं गेली तेव्हाच मला कळायला हवं होतं. निरोप बनुकाकीनं धाडला होता.

त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, मदुरेचं विचारलं नाही. लालासाहेबांनी जमीन किती ते विचारलं आणि म्हणाले, घर बघू. आईनं त्यांना थेट सैपाकाच्या खोलीत नेलं. मी चहा ठेवला होता. ते चुलीपाशी उकिडवे बसले, तोंडात वाकून बघितलं, वैलाला हात लावला, वर साण्याकडं बघितलं. मग खिडकीपाशी गेले. गज हलवून बघितले. चांगले घट्ट बसवलेत मी.

पोरीचं नाव लीला. लालासाहेबांची सगळ्यात धाकटी, जरा बाहेर हिंडायची खोड हाय, शेरडांमागं दिवसभर रानात असती, असं मेहुणे म्हणाले. लालासाहेब खिडकीला टेकून हसले.

"ह्या खोलीत आली की तिला बाहेर पडूसंच वाटायचं न्हाई."

आई म्हणाली, तेच्यासाठीच केलीया पोरानं.

सगळे माझ्याकडं बघू लागले. चहाला उकळी आली होती. मी भांडं उतरवलं आणि पाहुण्यांना गूळ चालेल का साखर, ते विचारलं.